पिन निवडायचा कशाला?

ती यादी दर काही महिन्यांनी फिरून येते. ‘जगातले सर्वांत कमकुवत वीस पिन’. पहिला १२३४, मग ११११, मग ००००, आणि खाली ठरलेली सूचना: तुमचा पिन यात असेल तर आत्ताच बदला. यादीमागोमाग ठरलेला वादही येतो. एक जण म्हणतो, लोक इतके आळशी असतील तर ते लुटलेच जाणार. दुसरा म्हणतो, चार आकड्यांचे दिवस गेले, सहा करा, आठ करा. तिसरा एखादा अतिशहाणा सुचवतो की यादीत अगदी तळाला असलेला आकडा घ्यावा, कारण तो कुणीच वापरत नाही. मला तिघांचंही म्हणणं पटत नाही, आणि तिघांची चूक एकच आहे. पिन ज्याचा त्याने निवडायचा असतो हे तिघांनीही गृहीत धरलंय. मतभेद आहेत ते फक्त चांगलं कसं निवडावं यावर. माझ्या मते दोष निवडण्यातच आहे. पिन सोडतीसारखा निघावा, यंत्राने काढून द्यावा, आणि माणसाने तो फक्त पाठ करावा. तसं होत नाही तोवर, ओळखल्या गेलेल्या पिनचं खापर माणसाच्या डोक्यावर फोडण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आधी त्या यादीचाच हिशेब पाहू. ती बहुतेक वेळा जिथून उचललेली असते तो अभ्यास आकडेवारीचे विश्लेषक निक बेरी यांनी २०१२मध्ये केला. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून फुटलेले पासवर्ड घेऊन, त्यांतले नेमके चार आकड्यांचे तेवढे त्यांनी वेगळे काढले. ते सुमारे ३४ लाख निघाले. त्यांत १२३४ जवळजवळ ११ टक्के होता, ११११ सहा टक्के, ०००० दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनच प्रयत्नांत दर पाच-सहा खात्यांमागे एक उघडलं असतं. आकडे धक्कादायक खरे, पण ते कार्डाच्या पिनचे नाहीत, संकेतस्थळांच्या पासवर्डचे आहेत. कुठल्या तरी फालतू ठिकाणी नाव नोंदवताना, ‘घे बाबा एकदाचं’ म्हणून टाकलेले. त्यांवरून कार्डाच्या पिनविषयी अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. यादी हातोहात फिरत गेली तसा अंदाज गळून पडला आणि उरलं ते वाक्य: दर नववा माणूस आपल्या पैशाला १२३४चं कुलूप लावतो. लोकांना मूर्ख ठरवायला असं एखादं वाक्य हाताशी असलं की पुढचा विचार करावा लागत नाही.

त्याच वर्षी केंब्रिजमधल्या तिघांनी, म्हणजे जोसेफ बॉनो, सोरेन प्राइबुश आणि रॉस अँडरसन यांनी, हे काम जास्त काळजीपूर्वक केलं. लोकांना त्यांनी पिन विचारला नाही, तो कसा ठरवला एवढंच विचारलं. सुमारे एक चतुर्थांश लोकांनी बँकेने दिलेला आकडा बदललाच नव्हता. एक तृतीयांशाहून अधिक लोकांनी जुना फोन नंबर, विद्यार्थी असतानाचा क्रमांक असलं काहीतरी घेतलेलं होतं, जे परक्याच्या दृष्टीने सोडतीइतकंच अगम्य. दोन्ही मिळून जवळपास ६४ टक्के होतात. इथे मला कबूल केलंच पाहिजे की हा निष्कर्ष वरवर माझ्या विरुद्ध जातो. लोक स्वतःहून इतकं बरं निवडत असतील तर निवडीवर आक्षेप कशाला?

आक्षेप उरलेल्यांमुळे आहे. त्याच पाहणीत २३ टक्के लोकांनी पिन म्हणून कुठली तरी तारीख घेतली होती, आणि त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांशांनी स्वतःची जन्मतारीख. शिवाय ९९ टक्क्यांहून अधिक लोकांनी सांगितलं की ज्या पाकिटात कार्ड असतं त्याच पाकिटात जन्मतारीख लिहिलेलं काहीतरी असतंच. चोराला पाकीट मिळालं की कुलूप आणि किल्ली दोन्ही मिळतात. संशोधकांचा हिशेब असा निघाला की जाणकार चोराला दर ११ ते १८ पाकिटांमागे एक कार्ड उघडता येईल. ११ की १८, हे बँक १२३४सारखे पिन नाकारते की नाही यावर. आता हे आकडे मांडून बघा. चार आकड्यांचे एकूण पिन १०,०००. दिवस आणि महिना घेतला तर ३६६ तारखा. महिना आधी आणि दिवस नंतर घेतला तर आणखी ३६६. दोन्ही रीतींत येणारे १४४ एकदाच मोजले की उरतात ५८८. दहा हजारांच्या मैदानात या एवढ्याशा कोपऱ्यात, फार तर सोबत सालांचे शंभर-सव्वाशे आकडे धरून, जवळजवळ पाव लोक दाटीवाटीने उभे आहेत. आणि एकदा जन्मतारीख कळली की ५८८चे तीन-चारच उरतात. १४ ऑगस्ट १९८२ रोजी जन्मलेल्या माणसासाठी १४०८, ०८१४, १९८२. यंत्र देतं तेवढे तीन प्रयत्न यालाच पुरतात.

लोक तारीख का घेतात? आळस हे उत्तर सोपं आहे, पण ते खोटं आहे. उलट, विसरण्याची धास्ती असलेला माणूस तारीख घेतो. पिन ठरवताना त्याला सांगितलेलं असतं, ‘लक्षात राहील असा ठेवा’. लक्षात काय राहतं? ज्याचा आपल्या आयुष्याशी संबंध असतो ते. आणि ज्याचा आपल्या आयुष्याशी संबंध असतो ते आणखी चार जणांना ठाऊक असतं, कागदांवर लिहिलेलं असतं. ‘लक्षात राहील असा’ आणि ‘कुणाला ओळखता येणार नाही असा’ या दोन मागण्या माणसाला दोन बाजूंना ओढतात. त्या दोन्ही एका दमात करायच्या आणि मग त्याने पहिली पाळली म्हणून त्याला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

माझ्या आत्याची पर्स एकदा गेली आणि दुसऱ्या दिवशी खात्यातून पैसे. तक्रार नोंदवताना पलीकडच्या माणसाने अगदी अदबीने विचारलं, ‘मॅडम, जन्मतारीख तर ठेवली नव्हती ना?’ आत्या गप्प झाली. पुढे ती पैशांविषयी फारशी बोललीच नाही, तिला लाजच जास्त वाटली. कार्ड देताना तिला जे सांगितलं होतं तेच तिने केलं होतं, हे तिच्या तेव्हा ध्यानातही आलं नाही.

माणसाला स्वैर निवड करताच येत नाही, हे काही पिनबरोबर उगवलेलं शहाणपण नाही. १९३०च्या दशकात जर्मन सैन्याच्या एनिग्मा या संदेश गुप्त करणाऱ्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येक तारवाल्याला दर संदेशासाठी तीन अक्षरांची किल्ली स्वतः निवडायची असे. यंत्राच्या संभाव्य मांडण्यांची संख्या इतकी प्रचंड होती की ते अभेद्यच मानलं जाई. पोलंडचा गणिती मारियान रेयेव्स्की आणि त्याचे सहकारी यंत्राच्या गणिताशी झुंजलेच, पण तारवाल्यांच्या सवयींनी त्यांना मोठा हात दिला. पोरं एएए, बीबीबी अशा किल्ल्या निवडत. वरिष्ठांच्या हे लक्षात आलं आणि एकच अक्षर तीनदा घ्यायला बंदी झाली. मग काय झालं? तारवाले एकही अक्षर दोनदा येऊ देईनात. हीसुद्धा सवयच, आणि पोलिश गणितींना तीही पुरली. पुढे महायुद्धात ब्लेचली पार्क या संदेश उकलण्याच्या केंद्रात बसलेल्या इंग्रजांना कळफलकावर शेजारीशेजारी असलेली अक्षरं, प्रेयसीच्या नावाची अक्षरं असं घबाड सापडत राहिलं. प्रत्येक तारवाल्याला वाटत होतं की आपण निवडलेलं फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. एकेकट्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. पण हजारोंच्या निवडी एकत्र ठेवल्या की त्यांत माणसाचा स्वभाव दिसायला लागतो, आणि शत्रू एकेकट्याकडे बघत नसतो.

आजच्या सल्ल्यांतही हेच चाललंय. ‘पिनमध्ये एकही आकडा पुन्हा येऊ देऊ नका’ असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला छान वाटतं. गणित करा: दहा गुणिले नऊ गुणिले आठ गुणिले सात, म्हणजे ५,०४०. सल्ला पाळणाऱ्याने चोराचं जवळजवळ निम्मं काम आधीच करून ठेवलं. यादीतल्या तळाच्या आकड्याचंही तसंच. बेरींच्या आकडेवारीत ८०६८ सर्वांत दुर्मीळ निघाला. ३४ लाखांत तो अवघा २५ वेळा आला होता. ही गोष्ट जाहीर झाली त्या दिवसापासून ८०६८ हा वाईट पिन झाला, कारण जितक्या लोकांनी ती वाचली तितक्यांतल्या काहींना तो घ्यावासा वाटणार आणि काहींना तो आधी दाबून बघावासा वाटणार. आकड्याच्या अंगी स्वतःची अशी सुरक्षितता नसते. तो कसा निघाला यावर सगळं अवलंबून असतं.

बरं, शहाणे लोक तरी नीट निवडतात का? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या लॉस ॲलामॉसच्या प्रयोगशाळेत अणुबॉम्बची गुपितं तिजोऱ्यांत होती, आणि तिथले वैज्ञानिक रिचर्ड फाइनमन यांना त्या उघडायचा छंद लागला होता. फ्रेडरिक द हॉफमन हे पदार्थविज्ञानाचे माणूस. त्यांच्या तिजोरीवर फाइनमन यांनी आधी ‘पाय’चे आकडे फिरवून पाहिले. जमलं नाही. मग ‘ई’चे, म्हणजे गणितातल्या २.७१८२८ या ठरलेल्या संख्येचे फिरवले, २७-१८-२८, आणि दार उघडलं. जगातल्या सर्वांत हुशार माणसांच्या वस्तीतली ही गोष्ट आहे. वैज्ञानिकाला ‘ई’ आठवतो, आत्याला तिची जन्मतारीख. त्याहून बोलका प्रसंग ओक रिजचा, म्हणजे अणुबॉम्बचंच काम चालायचं अशा दुसऱ्या ठिकाणचा. तिथल्या एका कर्नलची तिजोरी फाइनमन यांनी त्याच्या देखत उघडून दाखवली आणि सांगितलं की काम चालू असताना कपाटं उघडी ठेवणं धोक्याचं आहे, आकडे तसेच काढता येतात. कर्नलने काय करावं? त्याने सगळीकडे पत्रक पाठवलं: श्री. फाइनमन तुमच्या खोलीत किंवा खोलीजवळ आले होते का? आले असल्यास तिजोरीचा आकडा बदला. उघड्या कपाटांचं काहीच नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. आपल्या यादीखालची सूचना मला त्या पत्रकाची धाकटी बहीण वाटते.

विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि तो त्या वादात क्वचितच कुणी मांडतं. तीन चुका झाल्या की कार्ड बंद पडतं, मग चोर हजार आकडे कधी बसून टाकणार? हा मुद्दा मला मान्य आहे. खरं तर पिन नावाची गोष्ट उभीच त्यावर आहे. २०१६मध्ये अमेरिकेत एफबीआय आणि ॲपल यांच्यात न्यायालयीन झगडा झाला तो आठवा. सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा फोन हाती होता, पण पासकोड माहीत नव्हता. एफबीआयने ॲपलकडे मागितलं ते नवं सॉफ्टवेअर: दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकणारी सोय बंद करणारं, आणि दोन प्रयत्नांमधली सक्तीची वाट पाहणं काढून टाकणारं. एवढं मिळालं की बाकीचं किरकोळ होतं. एक प्रयत्न तपासायला सुमारे ८० मिलिसेकंद लागतात हे ॲपलने स्वतःच सांगितलेलं. म्हणजे चार आकड्यांचे सगळे पिन जेमतेम १३ मिनिटांत संपतात. सहा आकड्यांचे संपायला दिवसही लागत नाही. पहारेकरी उठून गेला तर पिन किती टिकतो त्याचं हे माप. शेवटी मार्चमध्ये एफबीआयने तो फोन दुसऱ्या वाटेने उघडला आणि खटला सोडून दिला.

पण हाच मुद्दा नीट धरला तर तो माझ्याच बाजूला येतो. सोडतीने निघालेल्या पिनपुढे चोराला तीन प्रयत्न मिळाले तर त्याची संधी दहा हजारांत तीन. निवडलेल्या पिनपुढे, वरच्या हिशेबाप्रमाणे, अकरा पाकिटांत एक. पहारेकरी तोच, कुलूप तेच. मोठा फरक पडला तो आकडा कुठून आला याने. शिवाय तीनची मर्यादा एका कार्डापुरती असते. चोराला अमुकच एक दार फोडायचं नसतं. तो गल्लीतून चालतो आणि प्रत्येक दारावर तीनदा ढकलून बघतो. आणि एकाच पाकिटात एकाच पिनची चार कार्डं असली तर तीनचे बारा होतात.

मग आकडे वाढवा, असं दुसरी बाजू म्हणते. इथे थोडा इतिहास गमतीचा आहे. पैसे देणारं बार्कलेज बँकेचं पहिलं यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात सुरू झालं. त्यामागचे जॉन शेफर्ड-बॅरन यांच्या मनात आधी सहा आकडे होते, कारण त्यांना आपला सैन्यातला क्रमांक पाठ होता. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली मला चारच लक्षात राहतील. चारावर शिक्कामोर्तब झालं. ही हकिकत त्यांनीच नंतर सांगितलेली. (पिनच्या कल्पनेचं पेटंट मात्र १९६६मध्ये जेम्स गुडफेलो यांनी मागितलं होतं, आणि श्रेय नेमकं कुणाचं यावर पुढे बराच वाद झाला.) चार हा आकडा असा घरगुती असल्यामुळे तो वाढवावा असं कुणालाही वाटेल, आणि आंतरराष्ट्रीय मानक बारापर्यंत आकड्यांना परवानगी देतंच. पण २०२०मध्ये जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी १,२२० लोकांकडून फोनसाठी पिन निवडून घेतले, तेव्हा दिसलं की मोजकेच प्रयत्न मिळणाऱ्या चोरापुढे सहा आकडी पिन चार आकडीपेक्षा फारसा सरस ठरत नाही. मैदान शंभरपट मोठं झालं, पण माणसं पुन्हा एकाच कोपऱ्यात जमली. १२३४च्या जागी १२३४५६, जन्मतारखेच्या जागी सालासकट जन्मतारीख. पूर्ण शतकातल्या सगळ्या तारखा ३६,५२५. दहा लाखांत त्या चार टक्केही भरत नाहीत. सोडतीने काढलेले सहा आकडे मात्र खरंच शंभरपट मजबूत असतात. लांबी हवीच असेल तर ती सोडतीबरोबर हवी.

वाईट पिन नाकारा आणि बाकी निवड लोकांवर सोडा, ही मधली वाट. ती अगदीच टाकाऊ नाही. त्या ११चे १८ झाले ते त्यामुळेच. पण त्याच २०२०च्या अभ्यासात असंही दिसलं की आयफोनमध्ये चार आकडी पिनसाठी जी २७४ आकड्यांची नकारयादी आहे तिने जवळजवळ काहीच फरक पडत नाही. परिणाम दिसायला हजारएक पिन, म्हणजे दहावा हिस्सा नाकारावा लागतो. शिवाय आयफोनवरची ती सूचना बाजूला सारून तोच पिन ठेवताही येतो. बँकेला ग्राहकाची जन्मतारीख ठाऊक असते, तेवढी तरी ती नाकारू शकते, आणि तिने ती नाकारावीच. पण मुलीची? लग्नाची? नाकारलेल्या प्रत्येक सवयीच्या शेजारी दुसरी सवय तयार असते. एनिग्माच्या तारवाल्यांनी हा प्रयोग आपल्यासाठी आधीच करून ठेवलाय.

आता स्मरणशक्तीचा आक्षेप. यंत्राने दिलेला आकडा लोक विसरणार, किंवा चिठ्ठीवर लिहून ठेवणार. म्हातारी माणसं तर नक्कीच. मी याला हसणार नाही, कारण माझ्याकडेही अशी एक चिठ्ठी आहे. पण चिठ्ठी कुठे आहे हे विचारा. घरातल्या कपाटात असेल तर रस्त्यावर पाकीट मारणाऱ्याला तिचा काय उपयोग? आणि जन्मतारखेचा पिन हा पाकिटात लिहून ठेवलेला पिनच आहे, फक्त अक्षर सरकारी आहे. ‘लिहू नका’ हा उपदेश इतक्या वर्षांत इतका घोटवला गेलाय की त्याच्यापायी लोकांनी त्याहून वाईट गोष्ट केली, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. शिवाय लक्षात राहणं हे निवडीपेक्षा वापरावर जास्त अवलंबून असतं. बॉनो आणि स्टुअर्ट शेक्टर यांनी २०१४मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात लोकांना रोजच्या लॉगिनबरोबर थोडंथोडं करून बारा अक्षरं किंवा सहा शब्दांचं यंत्राने काढलेलं गुपित पाठ करायला लावलं. ९४ टक्क्यांनी ते शेवटी आठवून टाइप केलं. बारा अक्षरं जमतात, तिथे चार आकडे का जमू नयेत? खरी अडचण कुठे येते तर वर्षातून दोनदा वापरायच्या कार्डाला, आणि एकेका माणसाकडे आठ-दहा पिन साठतात तेव्हा. ती अडचण मी नाकारत नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून मी सांगेन, सोडतीचा एकच पिन दोन-तीन कार्डांना वापरा. तीन कार्डांचे मिळून नऊ प्रयत्न मिळाले तरी चोराची संधी दहा हजारांत नऊच राहते. तो पिन फोनच्या कुलपाला मात्र लावू नका, कारण फोन आपण दिवसभर चारचौघांसमोर उघडत असतो.

ग्राहकाचं स्वातंत्र्य वगैरे म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की ही निवड मुळात नंतर चिकटवलेली आहे. १९७०च्या दशकातल्या आयबीएम ३६२४ या पैसे देणाऱ्या यंत्रांत पिन खातेक्रमांकावर गुप्त किल्लीने गणित करून निघत असे. ग्राहकाला स्वतःचा आकडा हवा, म्हणून त्या उत्तरात मिळवायचा ‘ऑफसेट’ नावाचा एक जोड आला. एक सावधगिरी मात्र हवी: यंत्राने दिलेला म्हणजे सगळ्यांना सारखाच दिलेला नव्हे. ब्रिटनमधल्या काही पत्रकारांनी लोकांच्या व्हॉइसमेलमध्ये शिरायला कंपनीने आधीच ठेवलेले, कुणी न बदललेले पिन वापरले, आणि त्या प्रकरणाचा शेवट जुलै २०११मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हे वृत्तपत्र बंद पडण्यात झाला. फाइनमन यांनाही कारखान्यातून आलेले आकडे न बदललेल्या तिजोऱ्या पाचांत एक भेटल्या होत्या.

शेवटचा आक्षेप मला निरुत्तर करण्याच्या सर्वांत जवळ येतो. आजच्या बहुतेक चोऱ्यांत पिन कुणी ओळखतच नाही. लोक स्वतःच फोनवर सांगतात, कुणी खांद्यावरून बघतं, कुणी यंत्रावर छुपा कॅमेरा बसवतं. सोडतीचा पिन यातलं काहीच थांबवत नाही. खरंय. मग एवढा कीस कशाला पाडायचा? कारण पिन हा नुसतं कुलूप राहिलेला नाही, तो साक्षीदार झालाय. ‘पिन बरोबर टाकला गेला, म्हणजे तुम्हीच सांगितला असणार’ हे वाक्य जिथे तिथे ग्राहकाच्या तोंडावर फेकलं जातं. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात एका पोलीस शिपायाने आपण न काढलेल्या पैशांची तक्रार केली, तर फसवणुकीच्या प्रयत्नासाठी त्यालाच दोषी ठरवलं गेलं. अपिलात सुटायला १९९६ उजाडलं. २००३मध्ये माइक बाँड आणि पिओत्र झिएलिन्स्की यांनी दाखवलं की बँकेच्या आतल्या माणसाला, पिन तपासणाऱ्या यंत्रातल्या एका तक्त्याशी खेळून, सरासरी १५ प्रयत्नांत पिन काढता येतो. २०१०मध्ये केंब्रिजच्याच संशोधकांनी चोरलेलं चिपचं कार्ड कोणतेही चार आकडे टाकून चालवून दाखवलं, आणि पावतीवर मात्र पिन तपासल्याची नोंद आली. इतकं असताना साक्षीदाराच्या शब्दावर किती विसंबायचं? आणि या सगळ्यावर, तो पिन ग्राहकाने स्वतः निवडलेला असला की त्याची बाजू आणखी लंगडी होते. पिन यंत्राने दिलेला असता तर ‘जन्मतारीख तर ठेवली नव्हती ना?’ हा प्रश्नच आत्याला कुणी विचारू शकलं नसतं. चौकशी तिच्या डोक्यातून निघून जिथे व्हायला हवी तिथे, यंत्राकडे, गेली असती.

बँका बदलायच्या तेव्हा बदलतील. तोवर ज्याला करायचंय त्याने एवढं करावं: शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या कराव्यात, डोळे मिटून एक काढावी, आकडा लिहावा, चिठ्ठी परत डब्यात टाकून हलवावं, आणि असं चारदा करावं. चिठ्ठी परत टाकायला विसरू नये, नाहीतर वरचे ५,०४० आठवावेत. एका मित्राला हे सांगितलं तर त्याने लगेच पेचात पकडलं: समजा चिठ्ठ्यांतून १-२-३-४च निघालं तर? दहा हजारांत एकदा ते निघणारच, आणि माझ्याच म्हणण्यानुसार तो आकडाही सोडतीचाच. मी थोडा वेळ विचार केला. चोर तो आकडा सर्वांत आधी दाबतो, त्यामुळे तो ठेवण्यात अर्थ नाही. स्वतःची जन्मतारीख निघाली तरी तेच. या चार-पाच आकड्यांपुरतं परत टाकून पुन्हा काढावं, त्याने दहा हजारांचं काही बिघडत नाही. मित्र म्हणाला, म्हणजे शेवटी निवड आलीच की. आली खरी. फक्त नाही म्हणण्यापुरती, आणि तीही चार-पाच आकड्यांना.